फुलामागून बेटापर्यंत

मोह बहरला की त्याची खरी वेळ पहाटेची. मार्चच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या एखाद्या गावात उजाडण्याआधी जाग आली, तर ओसरीत पडल्या पडल्या थेंब पडावा तसा हलका आवाज ऐकू येतो. टप. मग जरा थांबून पुन्हा टप. पाऊस नसतो, दव नसतं. झाडाखाली फुलं गळत असतात. अंधार विरळ होईतो जमिनीवर फिकट पिवळसर सडा पडलेला असतो आणि टोपली घेतलेल्या बाया, पोरं वाकून वेचायला लागलेली असतात. ऊन चढायच्या आत वेचून घ्यावं लागतं, नाहीतर गुरं, हरणं, माकडं आपला वाटा घेऊन जातात. अस्वलाला तर मोहाचं वेड. या दिवसांत विदर्भात अस्वलाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात त्या बहुधा पहाटेच्या आणि मोहाखालच्या.

एक फूल उचलून बोटांत धरलं तर ते फुलासारखं वाटतच नाही. पातळ पाकळ्या नाहीत. अंगठ्याच्या पेराएवढी, मऊ, मांसल, आतून पोकळ अशी कुपी, द्राक्षाची साल काढल्यावर बोटांना लागावी तशी ओलसर. दाबली की चिकट गोड रस येतो, आणि वास असा की खोलीत मूठभर फुलं ठेवली तरी दार लावून घ्यावंसं वाटावं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने इथे फार सोयीची गोष्ट घडते. गळतं ते फक्त फुलाचं हे गोड अंग. ज्यातून फळ धरायचं तो बीजांडकोश फांदीवरच राहतो. म्हणून कितीही फुलं वेचली तरी फळ बुडत नाही. रात्री वटवाघळं हीच गोड फुलं खायला येतात आणि जाता जाता परागीभवनाचं काम उरकून जातात. एप्रिलमध्ये फूल आणि जूनच्या सुमारास फळ, अशी दोन पिकं एकाच झाडावर येतात.

कळंब हे तालुक्याचं गाव यवतमाळ-नागपूर रस्त्यावर, यवतमाळपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. बाहेरच्यांना ते ठाऊक असतं चिंतामणीमुळे. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक, आणि त्याचं देऊळ जमिनीच्या वर नाही, खाली आहे. भर उन्हाळ्यात रस्त्यावर डांबर वितळत असताना भाविक पायऱ्या उतरू लागतो आणि प्रत्येक पायरीगणिक हवा गार होत जाते. खाली गणपती आणि त्याच्यासमोर कुंड. गौतम ऋषींचा शाप झालेल्या इंद्राने इथे तप केलं, गणेशाने अंकुश मारून पाणी काढलं, आणि बारा वर्षांनी गंगा इथे येते अशी कथा सांगतात. कुंडाचं पाणी काही वर्षांच्या अंतराने वर चढतं, मूर्तीच्या पायांना लागतं आणि उतरतं, ही गावातली जुनी श्रद्धा. पाणी चढल्याची बातमी पसरली की चारही दिशांनी माणूस लोटतो. गावाचं नाव कदंबावरून, कदंबपूर, असं सांगितलं जातं. झाडाचं नाव मिरवणाऱ्या या गावातून दुसऱ्या एका झाडाच्या मागावर निघणं तसं योग्यच.

मोहाच्या मागावर निघालेलं हे प्रकरण मद्य-पर्यटनाचं आहे. जगात हा उद्योग मोठा आहे, आणि त्याचा सगळ्यांत आटोपशीर नमुना एका बेटावर पाहायला मिळतो.

ग्रीसमधलं सँटोरिनी. ज्वालामुखीच्या स्फोटाने फुटून चंद्रकोरीसारखं उरलेलं हे बेट. तिथे सहा-आठ माणसांची एक गाडी सकाळी निघते. दिवसभरात दोन-तीन वाइनरी, मध्ये एखादं पांढऱ्या भिंतींचं जुनं खेडं, एखादं चर्च, आणि अक्रोतिरीचं उत्खनन. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर १९६७ पासून स्पिरिदोन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञाने उकरायला घेतलं. पण खरा धडा द्राक्षाच्या मळ्यात मिळतो. तिथे मांडव नाहीत, तारा नाहीत. वेल जमिनीवरच गोल गोल विणून टोपलीसारखा केलेला असतो आणि द्राक्षं त्या टोपलीच्या आत लपून वाढतात. कारण वारा. समुद्रावरून येणारा वारा मांडवावरचा घड टिकू देत नाही. पाऊस नावापुरता, म्हणून रात्रीच्या धुक्यातला ओलावा वेल पिऊन घेतो. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभरच्या द्राक्षबागा बसवल्या, पण या राखेच्या मातीत ती कीड जगू शकली नाही. म्हणून इथले वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. शेवटी 'विन्सांतो' येते. द्राक्षं उन्हात दहा-बारा दिवस पसरून सुकवायची, पाणी उडून साखर दाटू द्यायची आणि मग त्यांची गोड, गडद वाइन करायची.

पाहुणा घरी जाताना नेतो ती ही टोपली, हा वारा, ही राख. वाइनची चव त्याला या सगळ्यासकट लक्षात राहते. गाडीत आठ माणसं असतात म्हणून मळेवाला थांबून बोलतो आणि वेलाला हात लावू देतो. चाळीस जणांच्या बसपुढे तो फक्त पेले भरत राहील. सँटोरिनीला हे महागात पडून कळलं. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या या बेटावर क्रूझ जहाजांतून एवढे लोक उतरू लागले की दिवसाला आठ हजारांची मर्यादा घालावी लागली.

महाराष्ट्रात हे सगळं नाशिकने उचललं. राज्याचं द्राक्ष-वाइन धोरण २००१ मध्ये आलं. सुला विनयार्ड्सची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली होती आणि २००५ मध्ये त्यांनी गंगापूर धरणाजवळ चव घेण्यासाठी खोली उघडली. त्याआधी घोटभर वाइन पिऊन बघायला मराठी माणूस कुठे जाणार, हा प्रश्नच होता. आज सकाळी त्र्यंबकेश्वर किंवा पांडवलेणी, दुपारी द्राक्षमळा, संध्याकाळी धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त, असा दिवस नाशिकला सहज बांधता येतो. वाइनरीत पेला धरायचा कसा, फिरवायचा कसा, हुंगायचा कसा हे शिकवणारी मुलंमुली आसपासच्या गावांतली असतात. २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

पण द्राक्ष कळंबचं नाही. कळंबच्या आसपासच्या जंगलाचं जे आहे त्याच्या नावावर अजून एकही पाटी लागलेली नाही, आणि ते झाड द्राक्षाच्या किती तरी आधीपासून इथे उभं आहे.

मोहाच्या सुकलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. विन्सांतोसाठी ग्रीक शेतकरी जे द्राक्षाचं करतो तेच कोलाम आणि गोंड बाया अंगणात फुलांचं करतात. सारवलेल्या जमिनीवर पसरायचं आणि उन्हाला उरलेलं काम करू द्यायचं. फिकट पिवळं फूल तीन-चार दिवसांत तांबूस होतं, मग तपकिरी, मनुक्यासारखं सुरकुतलेलं, आणि खुळखुळ वाजू लागलं की डालीत भरतात. पुढे ते वर्षभराचं धान्य होऊन बसतं. भाजून तिळाबरोबर कुटलं की लाडू. शिजवून पिठात मळलं की भाकरी, पुऱ्या. गाभण गाईला खुराक. दुष्काळात ज्वारी संपली की मोह शिजवून दिवस काढल्याच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडे असतात. फळाला कुठे टोळ, कुठे टोरी म्हणतात. त्यातल्या बियांचं तेल दिव्याला, अंगाला, स्वयंपाकाला. मोहाचं दारूशी नातं आहे, आणि जुनं आहे. पण ज्याने मोह फक्त पोलिसांच्या बातम्यांत वाचला त्याने झाडाचा एकच हात पाहिलेला असतो.

त्या एका हाताचंही शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. सुकी फुलं पाण्यात भिजत घातली की चार-पाच दिवसांत ती फसफसतात. फुलावरचे आणि हवेतले किण्व साखर खातात आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड सोडतात. या फसफसलेल्या द्रावणाला विदर्भात सडवा म्हणतात. इथपर्यंत जे होतं ते वाइनरीच्या टाकीत होतं तेच. सडवा ही खरं तर फुलांची वाइनच. वाट वेगळी होते ती पुढे. मडक्यात सडवा, खाली जाळ, तोंडावर दुसरं भांडं, वर गार पाणी. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला, म्हणून आधी मद्यार्काची वाफ निघते, गार पृष्ठभागावर पुन्हा द्रव होते आणि नळीतून थेंबथेंब उतरते. 'पहिल्या धारेची' हा शब्द मराठीने इथून उचलला. अस्सल आणि जहाल अशा कशालाही तो लागतो, भट्टी कधी न पाहिलेल्या माणसाच्या तोंडीही.

शहरांत हातभट्टीच्या नावाने जे विकलं जातं त्याचा मोहाशी बहुधा संबंध नसतो. काळा गूळ आणि नवसागराचं रसायन असतं, आणि कधी त्याहून घातक काही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली ती मिथेनॉलने. हा औद्योगिक मद्यार्क दारूत मिसळलेला होता. मोहाबद्दल बोलताना हे मधूनच गाळून टाकलं तर वाचकाची फसवणूक होईल.

कळंबच्या उत्तरेला वर्धा जिल्हा सुरू होतो. गांधींचं सेवाग्राम तिथलं आणि तिथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. पूर्वेकडे गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळ जिल्ह्यातही बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले आहेत. घरातली ज्वारी विकून नवरा कुठे जातो हे त्यांना कोणत्याही आकडेवारीपेक्षा जास्त ठाऊक आहे. सँटोरिनीसारखी आठ जणांची गाडी मोहाच्या वाटेवर फिरवायची, तर तिने त्यांच्याही ओसरीवर थांबलं पाहिजे. तो थांबा या फेरीत नसेल तर ती फेरी अर्धी.

फेब्रुवारी २०२४ च्या २८ तारखेला कळंबला पहिल्यांदा रेल्वे आली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा पहिला तुकडा, वर्धा ते कळंब, त्या दिवशी सुरू झाला. देवळी, भिडी आणि मग कळंब. ज्या जिल्ह्याने शंभर वर्षं ब्रिटिश कंपनीची 'शकुंतला' ही नॅरोगेज गाडी पाहिली, त्याच्या या टोकाला ब्रॉडगेजचे रूळ लागले. आता कळंबचा माणूस वर्ध्याला जाऊन सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये बसू शकतो आणि नाशिकरोड मागे टाकून मुंबईला उतरू शकतो. मोहाच्या गोष्टीचं दुसरं टोक तिथून एका लाँचच्या अंतरावर आहे.

ते टोक म्हणजे उरण.

आजच्या नकाशावर उरण बेट वाटत नाही. भराव, मिठागरं, रस्ते आणि १९८९ मध्ये सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू बंदर यांनी ते मुख्य जमिनीला पुरतं चिकटवलं आहे. पण जुन्या कागदांत ते करंजा बेट आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहात मराठ्यांनी इंग्रजांकडे जी बेटं राहू दिली त्यांत साष्टी, घारापुरी यांच्याबरोबर करंजाचं नाव येतं. एकोणिसाव्या शतकात हे बेट दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं. एक मीठ. दुसरी मोहाची दारू. उरणला दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, बहुतेक पारशी मालकांच्या. आणि गंमत अशी की बेटावर मोहाचं जंगल नव्हतं. फुलं यायची गुजरातच्या पंचमहालाकडच्या जंगलांतून, सुकवून, पोत्यांत भरून, पुढे गलबतांनी. पंचमहालच्या आदिवासी अंगणात वाळलेलं फूल समुद्र ओलांडून बेटावर यायचं, तिथे त्याची दारू व्हायची आणि ती पुन्हा खाडी ओलांडून मुंबईच्या गिरणगावात आणि ठाण्याच्या खेड्यांत पोचायची. ही दारू पारशी घरांत 'महुरा' म्हणून ओळखली जाई.

भट्ट्या बेटावरच का? एक कारण पाणी, म्हणजे वाहतुकीचं पाणी. दुसरं कारण सरकार. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या ठिकाणी काढायची आणि प्रत्येक गॅलनवर कर घ्यायचा असं ठरवलं. चारही बाजूंनी पाणी असलेल्या जागेवर पहारा ठेवणं सोपं. किती पिंपं आत आली, किती बाहेर गेली, हे धक्क्यावर उभ्या असलेल्या एका कारकुनाला मोजता येतं. हजार खेड्यांतल्या हजार मडक्यांवर त्याला नजर ठेवता आली नसती.

मडकी मात्र थांबली नाहीत. महाग, कर भरलेली सरकारी दारू घेण्यापेक्षा लोक घरचं फूल भिजवत राहिले. मग सरकार फुलावरच उतरलं. १८९२ च्या म्हवरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा भागात मोहाची फुलं बाळगण्यावर आणि विकण्यावर बंधनं आली. तेव्हाही विरोध झाला. हे गरिबांचं अन्न आहे, दुष्काळात यावरच माणसं जगतात, असं सांगितलं गेलं. कायदा झालाच. झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हा एखाद्या गावात गुन्हा होऊ शकतो, ही कल्पना या भूमीला तेव्हा नवी होती. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांचे नियमही त्याच्या छत्राखाली टिकून राहिले. महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहून नेण्यावरची बंधनं सरकारने उठवली ती २०२१ च्या मे महिन्यात. तोवर किती म्हाताऱ्यांनी पोतं लपवून ठेवलं असेल, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

उरणची फेरी आठ जणांची आखायची तर ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुरू करावी. हार्बरच्या डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरून धक्का गाठायचा. पहाटे उतरलेल्या मासळीचा वास, बर्फाच्या लाद्या, टोपल्या डोक्यावर घेतलेल्या कोळणी, आणि पलीकडे उरणच्या मोऱ्याला जाणारी लाँच. तासाभराचा प्रवास. निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्यावं, कारण मोरा बंदरात गाळ साचलेला आहे आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही. मग सेवा तासन्‌तास बंद. उरणकरांच्या आयुष्याचं हे रोजचं गणित आहे. घाई असेल त्यांना आता रेल्वेही आहे. नवी मुंबईहून निघणारी लोकल उरणपर्यंत पोचली ती १२ जानेवारी २०२४ ला, कळंबच्या गाडीआधी जेमतेम दीड महिना. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने लाँचच घ्यावी. बेटावर पाण्यातून उतरल्याशिवाय ते बेट होतं हे शरीराला कळत नाही.

जुन्या भट्ट्या उभ्या दिसतील या आशेने जाऊ नये. दिसतात ती मिठागरं, पांढऱ्या चौकोनी ढिगांची, द्रोणागिरीचा डोंगर, पाणथळीत उभे रोहित पक्षी आणि मागे बंदरातल्या क्रेनची रांग. कंटेनरच्या गर्दीत एकेकाळी इथे मोहाची पोती उतरत होती हे सांगणारा माणूस सोबत हवा. ते सांगणं हाच इथला थांबा.

दुसरा थांबा चिरनेर. उरण तालुक्यातलं हे गाव दोन गोष्टींसाठी जावं असं आहे. एक तिथला महागणपती. कळंबच्या चिंतामणीपासून निघालेल्या माणसाला इथे पुन्हा गणपतीपुढे हात जोडता येतात, फक्त या वेळी पायऱ्या खोल उतरून नाही. दुसरी गोष्ट २५ सप्टेंबर १९३० ची. त्या दिवशी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. राखीव जंगलातली लाकडं तोडून कायदा मोडायला पंचक्रोशीतले लोक जमले होते. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण हुतात्मा झाले. आगरी, कोळी, कातकरी, सगळ्या घरांतली माणसं. नाग्या महादू कातकरी हा त्यांतला एक.

आणि याच वर्षी, दोन-अडीच महिने आधी, १० जुलैला, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून तिथला जंगल सत्याग्रह सुरू केला होता. मिठाचा सत्याग्रह किनाऱ्यावर झाला. समुद्र नसलेल्या वऱ्हाडाने गवताची पेंढी हातात घेतली. एका टोकाला पुसद, दुसऱ्या टोकाला चिरनेर, मध्ये शेकडो किलोमीटर, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच: रानात पडलेलं, उगवलेलं कोणाचं? म्हवरा कायद्याचाही प्रश्न तोच होता. पाठ्यपुस्तकांत या दोन घटना एकाच ओळीत येऊन जातात. त्या दोन्ही जागी एकाच आठवड्यात उभं राहिल्यावर त्यांतलं नातं अंगावर येतं, आणि अशा फेरीचं खरं मोल तेच.

कोलाम आणि कातकरी. महाराष्ट्रात तीन जमाती 'विशेष असुरक्षित' गणल्या जातात, त्यांतल्या या दोन. तिसरी माडिया गोंड. मोहाच्या या वाटेच्या एका टोकाला कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत आणि दुसऱ्या टोकाला कातकरी वाड्या. पाहुण्यांनी तिथे जाताना कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि आधी बसावं. जेवणाचे पैसे घरातल्या बाईच्या हातात द्यावेत. आठ माणसं ओसरीवर बसू शकतात. नववा उभा राहतो आणि बोलणं मोडतं.

शेवटचा थांबा समुद्रातला. घारापुरी ही उरण तालुक्यातलीच, हे मुंबईकरांना फारसं ठाऊक नसतं. गेटवेवरून लाँचने तासभर. लेण्यांपर्यंत चढायला शंभरावर पायऱ्या आणि वर सहाव्या शतकातली ती त्रिमूर्ती, सुमारे वीस फूट उंच, अंधाराला डोळे सरावले की हळूहळू दिसू लागणारी. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशात आहेत. सोमवारी बंद असतात. बेटावर राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर अशी तीन गावं आहेत, आणि समोर मुंबईचा झगमगाट रोज दिसत असताना या तीन गावांत कायमची वीज आली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या केबलने. लेणी बघून परत फिरणाऱ्या हजारोंपैकी फारच थोडे गावात डोकावतात. छोट्या गटाला ते जमतं. राजबंदरात एखाद्या घरी भात, आंबट आणि ताजी मासळी मिळाली तर लेण्यांइतकीच तीही लक्षात राहते.

मग प्यायचं काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. शेजारच्या गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळवला आणि पुढे तिला राज्याचा वारसा जाहीर केलं. आता तिथे भट्टीवर पाहुणे जातात आणि उन्हाळ्यात उर्राक ही काजूचीच हलकी दारू चाखतात. मध्य प्रदेशाने मोहाची दारू 'वारसा मद्य' म्हणून मान्य केली आणि आदिवासी बचत गटांना ती काढायची परवानगी दिली. अलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांत ती बनते. महाराष्ट्रात डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ मध्ये 'सिक्स ब्रदर्स महुरा' बाजारात आणली, पारशी परंपरेतलं तेच जुनं नाव घेऊन. उरणच्या धक्क्यावर पिंपं मोजणाऱ्या कारकुनाला हे नाव अनोळखी वाटलं नसतं. वर्ध्याच्या हद्दीत पाय ठेवताना मात्र बाटली सोबत नको. तिथे दारूबंदीचा कायदा आहे.

बाटलीबरोबर मोहाचा लाडू ठेवला नाही तर ही चव अपुरीच. गडचिरोली, यवतमाळकडच्या बचत गटांनी मोहाचे लाडू, सरबत करून विकायला सुरुवात केलेली आहे. फुलाचं पोतं व्यापारी कवडीमोलाने उचलतो. लाडवाचा पैसा बाईच्या हातात राहतो. रोजंदारीच्या भाषेत सांगायचं तर हा फरक महिन्याच्या किराण्याएवढा आहे.

झाडाखालची पानं जाळण्याची सवय मात्र सुटायला हवी. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटवतात, आणि मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात तो वणवा होऊन दूरचं जंगल घेऊन जातो. झाडाखाली जाळी बांधली की फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहतं, पाचोळा जाळावा लागत नाही आणि भावही बरा मिळतो. काही ठिकाणी हे प्रयोग सुरू आहेत. पाहुण्याने पहाटे उठून हे जाळं धरायला मदत केली तर त्याला मोह कळायला सुरुवात होईल.

अशी फेरी आखायला योग्य दिवस थोडेच. फूल मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. तेव्हा समुद्र शांत असतो, लाँच चालतात आणि पाणथळीत रोहित पक्षी असतात. जूनमध्ये पाऊस लागला की किनारा खवळतो आणि लाँचची खात्री उरत नाही. पण कळंबच्या बाजूला त्याच सुमारास झाडं पुन्हा जड होतात. आता फांद्यांवर हिरवी, शेपटीदार टोळं असतात. एप्रिलमध्ये फूल वेचलेल्या त्याच बाया टोपली घेऊन पुन्हा झाडाखाली येतात, टोळं फोडतात, बिया उन्हात टाकतात आणि आभाळ भरून आलं की पळत येऊन आत घेतात.